पाय फुटलेली पाकोळी

चर्चच्या दारातून ती भिरभिरत आली नि माझ्या पुढ्यातच आदळली — काळी, थरथरती पाकोळी.

"घाबरू नका हं, बाईसाहेब!" मागोमाग ओल्या केसांचा एक तरुण आत शिरला. त्याने तिला अलगद ओंजळीत घेतलं. "खाली पडली की हिला उडता येत नाही. कुणीतरी हवेत सोडावं लागतं."

दाराशी जाऊन त्याने ओंजळ उघडली. भुरभुर पावसात ती दिसेनाशी झाली... मी मात्र त्याच्या हातांकडेच बघत राहिले.

तो क्रिस्पिन पेनफोल्ड, टेकडीवरच्या जुन्या घराण्यातला चौथा मुलगा. आणि प्रार्थनेला गुडघे टेकायच्या ज्या उशीवर मी भरतकाम करत होते, ती नेमकी त्यांच्याच बाकासाठी.

"आमच्या घराण्याच्या ढालीवरचं पाखरू का?" तो वाकून बघत म्हणाला.

"हो, मार्टलेट. बिनपायांची पाकोळी."

"म्हणजे मीच की! चौथ्या मुलाची खूण ती. थोरल्याला जमीन, धाकट्याला आभाळ! पाय टेकायला जागा नाही, म्हणून तर सुगी संपली की न्यूझीलंडला चाललोय. मेंढ्या कातरायला."

"कायमचे?"

"अडवणारं कोण आहे इथे?"

माझी सुई थबकली. "पण जुन्या कवींचं मार्टलेट देवळाच्या भिंतीला घरटं बांधतं..."

"कवींना काय जातंय हो बोलायला!"

उन्हाळाभर तो येत राहिला. कधी चेरी घेऊन, कधी 'हा काळा रंग जमलाय का' असं उगीचच विचारत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. सांजप्रार्थनेला त्याचा आवाज चढला की माझा टाका चुकायचा. देव ऐकत होता, मीही... पण मनातलं कुणीच बोललं नाही.

सुगीच्या सणाचा रविवार. उद्या त्याचं जहाज.

"अगं बाई, मार्टलेटला पाय?" मागच्या बाकावरून मिसेस टिचनर पुटपुटल्या. "चारशे वर्षांत असं कुणी केलं नाही!"

शेजारच्या बाकाशी क्रिस्पिन गुडघे टेकता टेकता थांबला. उशीवरच्या काळ्या पाखराखाली दोन इवलेसे लाल पाय होते.

"हेस्टर... चुकलीस तू."

"नाही चुकले." माझे कान तापले. "टेकायला जागा असली की... फुटतात पाय."

तो कितीतरी वेळ त्या पायांवरून बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता मला उडता यायचं नाही. तू हवेत सोडणार नाहीस ना?"

भजन सुरू झालं. मी माझ्या बाकावर जरा सरकले —

आणि तो माझ्याशेजारी येऊन बसला.