येरळेच्या पात्रातली रांग

त्र्याहत्तर सालच्या वैशाखात मी येरळेच्या कोरड्या पात्रात वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करायला गेले. सांगलीला विश्रामबागेत मी भूगोल शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून घरी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळी सुट्टी उन्हात काढायला कुणाला विचारावं लागलं नाही. दुष्काळानं नदी आटली होती आणि पश्चिमेचा वारा पात्रातली वाळू उचलून टेकड्या रचत होता. आपल्या भागात असं क्वचितच पाहायला मिळतं.

वडूजच्या खालच्या अंगाला एका वाडीत मी मुक्काम केला. माणसं जनावरं घेऊन उसाच्या मुलखात किंवा दुष्काळी कामांवर गेली होती. मागं राहिली होती एकटी हरणाबाई, साठीची विधवा. तिची लेक रंगूबाई वडूजला दिलेली. ती निरोपावर निरोप धाडून थकली, पण हरणाबाई हलत नव्हती. मी तिच्याच पडवीत राहिले. दोघी जेवायला समोरासमोर बसायचो आणि फारसं बोलायचो नाही.

काम सरळ होतं. मोकळ्या जागी चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या, दोन्ही टोकं पूर्वेला. वाळू भरपूर असेल तिथं एकामागं एक लाटा. आणि दगड, झुडूप असा काही आडोसा असेल, तर त्याच्या मागं साचलेली निमुळती शेपटी. वाऱ्याला अडवणारं काही असल्याखेरीज अशी शेपटी होतच नाही.

पात्राच्या मधोमध मला शेपट्या दिसल्या. त्यांच्यापुढं काहीच नव्हतं.

मी हातानं उकरून पाहिलं. दगड नाही, मूळ नाही. सरपणाला कुणी झुडपं उपटून नेली असतील, असं मी ठरवून टाकलं. पण नकाशावर खुणा केल्या, तेव्हा सगळ्या एका रांगेत आल्या. पंगतीसारख्या. काही रुंद, काही अगदी लहान. मध्ये एक जागा मोकळी.

हरणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला विचारलं.

"त्येंच्यामधनं चालू नगा, बाई. कडंनं जावा."

"कुणाच्या मधून?"

"बसल्यात न्हवं समदी." तिनं भाकरी उलटली. "वाडी उठून गेली, म्हंत्यात. कुटं गेली? हितंच हाय की."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा जोरात सुटला. मी रांगेजवळ उभी राहिले. जमिनीलगत धावणारी वाळू ठराविक जागी फुटत होती आणि पलीकडं पुन्हा एकत्र येत होती. मांडी घालून बसलेल्या माणसाला वळसा घालावा, तशी. मी वाकून एका शेपटीच्या तोंडाशी हात धरला. सगळ्या अंगाला वाळू टोचत होती.

तळहाताला वारा लागला नाही.

घरी आल्यावर मी हरणाबाईला म्हणाले, "उद्या तुम्हाला लेकीकडं पोचवते. इथं एकटं राहू नका."

"एकटी कुटली वो मी?" ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "एकल्या तर तुमी हायसा."

सकाळी ती घरात नव्हती.

मी पात्रात धावले. ती त्या मोकळ्या जागेत बसली होती. पदर डोक्यावर, तोंड वाऱ्याकडं. डोळे उघडे होते आणि पापण्यांवर वाळू होती. मी हाका मारल्या. शेवटी हात धरून उठवलं. हात थंड होता. मांडीवरची वाळू सरसर खाली गळली.

"चला," ती शांतपणे म्हणाली. "झालं माजं."

ती बसली होती त्या जागेमागं लांबलचक शेपटी होती. तशी व्हायला सगळा उन्हाळा जावा लागतो. आदल्या दिवशी तिथं सपाट वाळू होती.

सडकेवर एक बैलगाडी मिळाली, तिच्यात माझी ट्रंक टाकून आम्ही वडूज गाठलं. रंगूबाईला निरोप धाडला; ती एसटी स्टँडवर न्यायला येणार होती. आम्ही मैदानाच्या कडेला जमिनीवर बसलो. हरणाबाईचा चेहरा समाधानी होता. मला हायसं वाटलं. मी तिला पाणी दिलं, ती प्यायली.

मग जोराचा वारा आला आणि मैदानातली धूळ सरपटत आमच्यावर आली. मी डोळे मिटले. उघडले, तेव्हा माझ्या ट्रंकेमागं धुळीची छोटी शेपटी साचली होती. माझ्यामागंही.

हरणाबाई पदरानं तोंड पुसत लेकीची वाट बघत होती. धूळ तिच्यातून सरळ पुढं जात होती.