जातो वं बाई

मडकं वाजवून पाह्यल्याशिवाय घेऊ नये, हे मले कोण्या मास्तरानं शिकवलं नाही. दुसरीत पाटी फुटली, तेव्हापासून शाळेनं आणि मी एकमेकींचं तोंड पाह्यलं नाही. पण बुधवारच्या बाजारात मी दिसली की कुंभार मुकाट्यानं चांगली मडकी पुढं सरकवतो.

माणूसही वाजवूनच पाहावा लागतो. हे समजणारा डॉक्टर मी एकच पाह्यला. हरकरे डॉक्टर.

माह्या मालकाले, देवरावले, न्युमोनिया झाला तेव्हा आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. साठ-एकसष्टची गोष्ट. हरकरे डॉक्टर खाटेशी स्टूल ओढून बसत. आधी तळहात एकमेकांवर घासून ऊन करत, मगच अंगाले लावत. डावं बोट छातीवर ठेवून उजव्या बोटानं टकटक वाजवत, डोळे मिटून ऐकत. दुखणं सापडलं की कानावरची जांभळी पेन्सिल ओठाले लावून ओली करत अन् कातडीवर खूण करत. मी म्हटलं, पटवारी शेताची हद्द टाकतो तसं करता बाप्पा तुम्ही. तर हसले.

एक गोष्ट मात्र त्यांची जगाच्या उलटी होती. आपल्यात घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणायचं. हरकरे डॉक्टर म्हणत, डॉक्टर परत आला म्हणजे दुखणं परत आलं. म्हणून माणूस बरा होणार असला की उठताना म्हणत, "जातो वं बाई." अन् ज्याच्या खाटेवरून "येतो" म्हणून उठत, त्याच्या घरचे काय ते समजून जात.

देवरावच्या वेळी "जातो" म्हणाले. घरी आणलं त्याले, धडधाकट. पुढं बऱ्याच वर्षांनी त्याच छातीनं पुन्हा दगा दिला, तेव्हा "येतो" म्हणाले. मी लेकींले निरोप धाडले.

मग एकोणऐंशीचा मे आला. माहा एकुलता पोरगा शालिकराम, खापरखेड्याच्या वीजघरात कामाले, तो तापानं पडला. ताप उतरेना, अन्न जाईना, गालफडं बसली. दवाखाना तोच, डॉक्टर नवे. पोरं हुशार होती, नाही म्हणत नाही. पण सारे डोळे कागदावर. रक्त काढलं, फोटो काढला, खिडकीशी उजेडात धरून चौघांनी पाह्यला. पोराकडं एकानंही पाह्यलं नाही.

मी म्हटलं, "बाप्पा, फोटो दुखून नाही राह्यला. पोरगा दुखून राह्यला."

त्यातला एक म्हणाला, "आजी, बाजूला व्हा."

मी झाली नाही.

टायफॉइड म्हणून औषध दिलं, मग दुसरं दिलं. पोरगा सुकतच चालला. सून प्रेमिला माह्या तोंडाकडं पाहे अन् मी भिंतीकडं.

त्या दिवशी दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलेलं होतं, तरी वारा भट्टीतलाच. सारा वार्ड झापडलेला. प्रेमिला नळावर गेलती. स्टूल ओढल्याचा आवाज आला.

हरकरे डॉक्टर होते. तोच पांढरा कोट, कोपराले रफू केलेला. मले नवल वाटलं नाही. वाटलं, आले एकदाचे.

ते तळहात घासत होते. मे महिन्यात, नागपुरात.

"आज हात कायले ऊन करता, डॉक्टरसाहेब?" मी म्हटलं.

लय वेळ घासत राह्यले. मग शालिकरामच्या पोटाले हात लावला, तर पोरगा शहारला. त्याच्या दंडावर काटा आलेला मी पाह्यला.

टकटक. टकटक. उजव्या बरगडीवर आवाज बद्द झाला. भरलेलं मडकं मले ऐकू येते. दोन बरगड्यांच्या मधात त्यांनी एक बोट दाबलं अन् शालिकराम कळवळला. पेन्सिल ओठाले लागली. तिथंच एक फुली पडली.

मग ते उठले.

माहा जीव त्या जांभळ्या ओठावर टांगलेला.

"जातो वं बाई."

मी पदरात तोंड घालून रडली. असं रडणं देवराव गेला तेव्हाही आलं नव्हतं. डोळे पुसून पाह्यलं तर स्टूल रिकामं होतं. मी त्यावर हात टेकला अन् उचलून घेतला. माठाखालच्या ओल्या वाळूसारखं गार होतं ते.

संध्याकाळी त्याच "बाजूला व्हा" वाल्या पोराले फुली दिसली. कोणी काढली म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. या नावाचे इथं कोणी नाहीत, म्हणाला. त्याच्यामागं म्हातारी सिस्टर सत्यवती उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला अन् फुलीवर वाकली.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "त्या फुलीवर सुई घालून पाहा."

घातली. विटकरी रंगाचा पू निघाला, वाटीभर. काळजात साचलेला होता, लिव्हर म्हणतात त्याले. दोन दिवसांत पोरानं भात मागितला. अन् त्या डॉक्टर पोरानं पुढं स्वतः स्टूल ओढलं, हेही सांगावं लागंल.

घरी जायच्या दिवशी सत्यवतीनं मले हरकरे डॉक्टरचं घर सांगितलं, सक्करदऱ्याच्या तलावाकडं. म्हणाली, जाऊन या. पण बोलतील असं समजू नका.

हातच्या शेवयांचा डबा घेऊन गेली. दार त्यांच्या बायकोनं, सुमतीबाईंनी उघडलं. आतल्या खोलीत डॉक्टर खाटेवर होते. अर्धं अंग मेलेलं, उजवा हात छातीशी वळलेला. नोकरी सुटली त्याच वर्षी लकवा मारला, म्हणाल्या. कूस बदलायलाही दोन माणसं लागतात.

बोलता बोलता त्यांनी नवऱ्याचा ओठ पदरानं पुसला. पदराले जांभळा डाग पडला.

"दुपारचं असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "कशानं, तेच कळत नाही. जांभळंसुद्धा अजून बाजारात आली नाहीत."

मी विचारलं, बोलत नाहीत का काही?

"एकच शब्द. मधूनच म्हणतात, जातो. माझ्या काळजाचं पाणी होतं हो. कितीदा सांगितलं, असं अभद्र बोलू नका, येतो म्हणा."

मले हसू फुटलं. छातीवरचा दगड उतरला. मी त्यांचा हात धरला.

"म्हणू द्या बाई त्याईले. कोणाचं तरी घर वाचून राह्यलं."

त्यांले समजलं नाही. मीही समजावलं नाही. डबा ठेवला, डॉक्टरच्या पायाले हात लावला अन् रीतीप्रमाणं म्हटलं, "येते."

डॉक्टरांनी डोळे उघडले. माह्याकडं पाह्यलं. मग डोळे मिटून घेतले, काही ऐकत असल्यासारखे.

"येतो," म्हणाले.

सुमतीबाई रडायलाच लागल्या. "ऐकलंत? येतो म्हणाले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा." धावत देवापुढची साखर आणली, माह्या तळहातावर ठेवली.

ते "येतो" कोणासाठी, मले समजलं. शालिकराम तर वाचला होता. मी साखर तोंडात टाकली.

ती विरघळली तरी खाटेवर ते हात घासतच होते. दोन्ही.