कणगीतला पंजा

"विहीर बघून झाली, कासाराची भट्टी बघून झाली, ओढ्यातली झुडपंसुद्धा बघून झाली! आता राहिलं काय?" शामलानं वैतागून विचारलं.

"तुझं डोकं!" सोमलिंग म्हणाला. "त्यात काही सापडतंय का बघू."

महानंदा खो खो हसली. पण बशीर हसला नाही, तेव्हा तिचंही हसू थांबलं.

१९४८ सालची दिवाळीची सुट्टी होती. अणदूरच्या बाजूला असलेल्या बोरकुंडीत या चौघांचा कंपू सगळ्यांना ठाऊक होता. शामला गुरुजींची मुलगी, म्हणजे आपोआपच पुढारी. सोमलिंग आणि महानंदा ही धान्याचे व्यापारी महांतप्पा यांची मुलं. आणि बशीर हा चाँदबीचा नातू. मोहरमात गावाचा पितळी पंजा आशुरखान्यात बसायचा, त्याची सगळी सेवा बशीरच्या घराकडे होती. पंजा साऱ्या गावाचाच होता म्हणा ना! सोमलिंग तान्हा असताना मरता मरता वाचला, तेव्हा त्याची आई याच पंजाला नवस बोलली होती. म्हणून दर मोहरमात त्याच्या गळ्यात लिंगाच्या शेजारी हिरवा धागा पडायचा आणि हा व्यापाऱ्याचा मुलगा फकीर होऊन घरोघर फिरायचा.

यंदा मात्र सगळंच बिनसलं होतं. आधी रझाकारांनी उच्छाद मांडला. त्यांनी महांतप्पांचं कोठार जाळलं आणि त्यांच्या धाकट्या भावाला, वीरभद्रकाकाला, मारून टाकलं. मग भाद्रपदात हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि निजामाचं राज्य संपलं. तेव्हा सुडानं पेटलेला जमाव मुसलमानांच्या घरांवर चालून गेला. ज्यांनी कधी कुणाचं वाकडं केलं नव्हतं, त्यांच्याही घरांवर. बशीरचे वडील हुसेनचाचा त्या दिवशी जे बाहेर पडले ते परतलेच नाहीत. आशुरखाना लुटला गेला आणि पंजाही नाहीसा झाला. मोठी माणसं त्यावर चकार शब्द काढत नव्हती. गप्प बसणं मोठ्या माणसांना फार छान जमतं!

काल भाऊबीज झाली. महानंदानं ज्या कोवळ्या चंद्राला ओवाळलं, तोच मोहरमचा चंद्र.

"दादीचा भाऊ गाडी घेऊन आलाय," बशीर म्हणाला. "उन्हं उतरली की गुलबर्ग्याला निघायचं. दादी म्हणती, पंजा न्हाय तर मोहरम कसला? आन् मोहरम न्हाय तर हितं राहायचं कशाला?"

"म्हणजे तू कायमचा जाणार?" महानंदाचे डोळे भरून आले.

"अजून उन्हं उतरली नाहीत!" शामला ताडकन उठली. "सोमलिंग, तुझ्या घरी पाणी पिऊ आणि पुन्हा पंजा शोधायला लागू."

सोमलिंगच्या ओसरीवर पाय ठेवताच बशीर थबकला. त्यानं जोरात श्वास ओढला.

"लोबान!"

"छे! आमच्याकडं विभूती आणि कापूर. लोबान कुठला?"

"आज गुरुवार न्हाय का? अब्बा दर गुरुवारी पंजापुढं लोबान जाळायचे. मला त्यो वास कळत न्हाय व्हय?"

"मागच्या गुरुवारीपण येत होता!" महानंदा म्हणाली. "अप्पा म्हणाले, कोठीत डासांसाठी जाळलंय."

"धान्याच्या कोठीत कसले डास गं?" शामला म्हणाली.

सोमलिंगचा चेहरा उतरला होता. "घर तुझं आहे," शामला हळूच म्हणाली. "तू नको म्हणालास तर नको." सोमलिंगनं बशीरकडे पाहिलं. बशीर खाली बघत होता.

"शोधायचं," सोमलिंग म्हणाला.

कोठीचं दार आतून लावलेलं होतं. शामला गोठ्याकडे पळाली आणि तिनं जी बोंब ठोकली! "धावा! धावा! गाय सुटली! ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलंय!"

धडाडकन दार उघडलं. धोतराचा सोगा सावरत महांतप्पा गोठ्याकडे धावले. तिथं गाय बिचारी डोळे मिटून रवंथ करत होती.

तेवढ्यात बाकीचे तिघं कोठीत शिरले. मोठ्या कणगीपुढे धुपाटणं धुमसत होतं, शेजारी पानावर चिमूटभर साखर होती. सोमलिंगनं ज्वारीत खांद्यापर्यंत हात खुपसला. हाताला काहीतरी गार लागलं. लाल फडक्यातून पाच बोटं वर आली. पितळ पार काळवंडलं होतं.

बशीरनं पंजा पोटाशी धरला आणि तो रडू लागला.

"सोम्या!" दारात महांतप्पा उभे होते. त्यांच्यामागं शामला.

"अप्पा, हा तुम्ही आणलात?"

महांतप्पा उंबऱ्यावरच बसले. "वीरभद्राला मारलं रं त्यांनी. माझं डोकं फिरलं हुतं. जमावासंगं गेलो, हाताला लागलं ते उचललं. घरी येऊन बघतो तर, ज्यानं माझा ल्योक वाचवला त्योच पंजा."

"काकाला हुसेनचाचांनी मारलं होतं का?"

"न्हाय."

"मग परत का नाही दिलात?"

"कंच्या तोंडानं देऊ?"

शामला घाईघाईनं म्हणाली, "आपण गुपचूप आशुरखान्यात ठेवून येऊ. कुणाला कळणारसुद्धा नाही!"

"नाही," सोमलिंग म्हणाला. "सगळ्यांच्या देखत नेलात ना, अप्पा? मग सगळ्यांच्या देखतच द्या."

महांतप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला, पंजा त्यात घेतला आणि अनवाणीच निघाले. भर पेठेतून! दुकानदार उठून उभे राहिले. काहींनी माना वळवल्या, कारण त्यांच्याही घरात कुणाची भांडी, कुणाची कपाटं होती.

चाँदबी गाडीत बसायच्या बेतात होती. "माझ्या कणगीत हुता, मावशी," महांतप्पा म्हणाले. तिनं पंजा हातात घेतला, पदरानं पुसला आणि डोळ्यांना लावला.

"शाबास, पोरांनो!" गर्दीतून पुढे येत गुरुजी म्हणाले. "गावाची अब्रू राखलीत!" लोकांनीही "शाबास, शाबास" केलं. चौघांपैकी एकालाही आनंद झाला नाही.

चाँदबीनं मान वर केली. "महांतप्पा, पंजा आणलास, बरं केलंस. आता येवढं सांग, माझा हुसेन कुणाच्या कणगीत हाय?"

मघाशी "शाबास" म्हणणारे दोन पावलं मागे सरले.

"ठाऊक न्हाय, मावशी," महांतप्पा कसेबसे म्हणाले. "लिंगाची आण, मला ठाऊक न्हाय."

"मग हुडका. लेकरांनी पंजा हुडकला. तुमी मोठी माणसं येवढं तरी करा."

महांतप्पांनी हात जोडले. "उद्यापास्नं बशीरला घिऊन गावोगाव फिरतो, मावशी. खबर लागंस्तोवर फिरतो."

चाँदबीनं भावाला बैल सोडायला सांगितलं. मोहरम होईपर्यंत तरी ती जाणार नव्हती. मग तिनं सोमलिंगला जवळ बोलावून हिरवा धागा बांधला.

संध्याकाळी चौघं आशुरखान्याच्या ओट्यावर चिंच घेऊन बसले आणि पंजा घासू लागले. हळूहळू बोटं उजळली. मिरवणुकीत पंजा उचलायचा मान दरवर्षी हुसेनचाचांचा असे. यंदा तो कोण उचलणार, हे बशीरला विचारायचं धाडस कुणालाही झालं नाही.