पाचगणीची पायपेटी

तारघरातल्या टेलिफोन बूथचा काचेचा दरवाजा लावलेला होता, तरी आतल्या माणसाचं बोलणं थेट काउंटरपर्यंत येत होतं.

"पायपेटी हो… पायानं भाता मारायचा आणि हातानं वाजवायची. ऑर्गन म्हणा की. नाही, नाही — पायमोजे नकोत मला."

ट्रंककॉलच्या फॉर्मांवर शिक्के मारणारी मालिनी ओठ दाबून खाली बघत राहिली. तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"लाइन तुटली. परत लावून देता?"

गिऱ्हाइकाला खासगी काही विचारायचं नाही, हा तारघरातला नियम. तीन वर्षांत मालिनीनं तो मोडला नव्हता. आज मोडला.

"पायपेटी कशाला हवी तुम्हाला?"

त्यानं चमकून पाहिलं. मग हसला… आणि सांगायलाच लागला. त्याचं नाव श्रीपती. मूळ मिरजेचा. सहा महिन्यांपूर्वी त्यानं इथं कोकणात येऊन राम आळीत बाजाच्या पेट्या दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पाचगणी-महाबळेश्वरला साहेबांच्या वेळच्या बंगल्यांतलं जुनं सामान विकायला निघतं, असं त्यानं ऐकलं होतं. एका शनिवार-रविवारी जाऊन हिंडावं, टांगायचे दिवे, लंबकाची घड्याळं बघावीत… आणि नशिबात असली तर एखादी पायपेटी.

"पण तिथं ओळखीचं कुणी नाही," तो म्हणाला.

"माझ्या आहे. म्हणजे — आवाजाची ओळख."

पाचगणीच्या टेलिफोन बोर्डावर विमला नावाची बाई होती. मालिनी रोज तिच्याशी बोलायची. कऱ्हाड, सातारा, पाचगणी… ही घाटावरची गावं ती दिवसभर लोकांना जोडून द्यायची, पण त्यातलं एकही गाव तिनं स्वतः पाहिलेलं नव्हतं. तिथले बंगले कसे असतील? त्यातली माणसं गेल्यावर मागं काय उरत असेल?

दुसऱ्या दिवशी श्रीपती आला, तेव्हा तिनं कागद तयारच ठेवला होता.

"जाल त्या शनिवारी पहाटेची गाडी. पोलादपूरला उतरून दुसरी पकडायची, ती घाट चढून महाबळेश्वरला सोडते. तिथला बाजार दुपारी पाहून घ्या. पाचगणीला रविवारी सकाळी. जुन्या सामानाचं दुकान बाराला बंद होतं, विमलानं सांगितलंय."

"एवढं सगळं तुम्ही विचारलंत?"

"लाइन मोकळी होती म्हणून."

लाइन मोकळी नव्हती. त्यानंही ते ओळखलं असावं, कारण तो कागदापेक्षा तिच्याकडेच जास्त वेळ बघत होता.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. कधी घड्याळाबद्दल विचारायचं असायचं, कधी राहायच्या सोयीबद्दल. एकदा तर घाटात थंडी किती असते, एवढंच.

"हे विचारायला ट्रंककॉल लागतो?" मालिनी म्हणाली.

"तुम्हीच सांगा की मग."

"मी कोकणातली. मला काय ठाऊक घाटावरची थंडी."

आठवड्यानं विमलाचा निरोप आला. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे पायपेटी होती. श्रीपती धावत बूथमध्ये शिरला. मालिनीनं जोडून दिलं आणि कान झाकावे तितक्या निश्चयानं फॉर्म चाळायला घेतले. तरी ऐकू आलंच.

"हो बाई… वाजवणार तर. रोज वाजवणार."

बाहेर येऊन तो आनंदानं म्हणाला, "देतायत. वाजवणाऱ्यालाच देईन म्हणाल्या."

"पण तुम्हाला ती वाजवायला हवी होती?"

त्यानं काउंटरवर हात टेकले. मग हळूच म्हणाला, "आतल्या रीड्स हव्यात. जुन्या जर्मन पितळी पट्ट्या. तसा आवाज आता मिळत नाही. तेवढ्या पट्ट्यांत गावोगावच्या भजनाच्या चार पेट्या गातील."

"आणि पायपेटी?"

"मोडावी लागेल."

मालिनीनं पुढच्या माणसाचा फॉर्म ओढला. "मग खोटं कशाला बोललात?"

दोन दिवस तो आला नाही. दुपार झाली की तिचं लक्ष दाराकडे जायचं. नाही आला तर कुठं बिघडलं, असं ती स्वतःला सांगायची… आणि पुन्हा बघायची.

तिसऱ्या दिवशी तो आला. "अर्जंट लावा. पाचगणी."

या वेळी तो अगदी हळू बोलला. काचेतून तिला फक्त त्याची खाली घातलेली मान दिसत होती. बाहेर आला तो ओशाळलेला, पण मोकळा.

"सगळं खरं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, मोडायच्या आधी ती एकदा नीट वाजताना ऐकायचीय. वाजवणारा घेऊन या."

"वाजवा की मग," ती त्याच्याच सुरात म्हणाली.

"मला फक्त सूर लावता येतात. वाजवता नाही येत." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला…?"

"मला नाही. आमच्या आप्पांना येतं. भजनात पेटीवर तेच असतात."

त्याच संध्याकाळी श्रीपती मालिनीच्या वडलांसमोर पडवीत येऊन बसला. आप्पांनी आधी मिरजेच्या घराण्याची, मग धंद्याची, मग घरी कोण कोण आहे याची चौकशी केली. पायपेटीचा विषय शेवटी निघाला. आप्पांचे डोळे चमकले.

"तरुणपणी एकदाच वाजवली होती, नाटकात." त्यांनी चष्मा पुसला. "येतो मी. आणि खिडकीची जागा धर हो, हिला गाडी लागते."

मालिनी आत चहा गाळत होती. तिचा हात थांबला. तिनं यायचं, हे कुणी कधी ठरवलं?

निघताना ती त्याला अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत पोचवायला गेली. वाऱ्यानं माडांच्या झावळ्या सळसळत होत्या.

"आप्पांना आणखी एक विचारायचं होतं," श्रीपती म्हणाला. "धीर झाला नाही."

"पायपेटी वाजवून झाल्यावर विचारा. पेटीवरून उठले की ते खुशीत असतात."

"आणि तुम्ही? तुम्ही केव्हा खुशीत असता?"

मालिनीनं वळून पडवीकडे पाहिलं. आप्पा मांडीवर बोटं नाचवत गुणगुणत बसले होते. तिनं पदर सावरला.

"मला आत्ता विचारलंत… तरी चालेल."