शून्यावर उभा राहिलेला काटा

“ताई, तू रोज बाबांचा दाब मोजत होतीस, की नुसताच हात धरून बसत होतीस?”

धाकट्याचा आवाज दवाखान्याच्या लांबलचक बोळात असा काही घुमला की औषधांची गाडी ढकलणारी नर्ससुद्धा थबकली. थोरली भिंतीला टेकून उभी होती. आई गेल्यापासून बाबांचं सगळं तिनंच पाहिलं होतं. रोज सकाळी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची, ती गिळून होईपर्यंत समोरून हलायचं नाही, मग दंडाला पट्टा गुंडाळून, कानात नळ्या घालून, रबरी फुगा दाबत काट्यावर डोळे रोखायचे... आणि हा शहाणा उंटावरून शेळ्या हाकणारा, फोनवरून ‘बाबांना जप गं’ एवढं म्हणून मोकळा होणारा, आज तिला जाब विचारत होता!

पण ती त्याच्यावर रागावली नाही. त्याहून भयंकर प्रश्न ती स्वतःलाच विचारत होती. काचेपलीकडे बाबा उशांच्या उतरंडीला टेकून बसले होते. आडवं झालं की त्यांचा जीव गुदमरत होता. पावलं सुजून टम्म झाली होती, आणि प्रत्येक श्वास कुणाकडून तरी हिसकावून घ्यावा तसा ते घेत होते. सकाळी जिन्यातच ते खाली बसले होते. हे बाबा जगतील ना? दुसरं काहीच तिला सुचत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बाबांपाशी बोलावलं. “दाब जास्त असला की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्तीचा जोर लावावा लागतो,” त्या म्हणाल्या. “जोर लावून लावून त्याची भिंत जाड होते, ताठर होते. मग ते नीट भरत नाही आणि फुप्फुसात पाणी साठायला लागतं. यांचं तेच झालंय. खरं तर डोस केव्हाच वाढवायला हवा होता. पण तुम्ही तर दर वेळी दाब छान असल्याचं कळवत होतात?”

“वर्षभर रोज तेवढाच यायचा हो... एकशेतीसच्या आसपास...” थोरलीचा आवाज तिलाच ऐकू येईना.

धाकटा घरून यंत्र घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी बाबांचा दाब आधी दवाखान्याच्या यंत्रावर मोजला, मग घरच्या. तोच दंड, तोच माणूस, आणि दोन आकड्यांत चाळिसाचा फरक!

“पण काटा तर शून्यावर नीट उभा आहे,” धाकटा यंत्र उलटसुलट करत म्हणाला. “बिघडलंय कुठे?”

थोरलीनं ते यंत्र हातात घेतलं आणि झाकणाचे स्क्रू निरखले. बॉयलरचे, पंपांचे दाबमापक दुरुस्त करणाऱ्या बाबांच्या कामाच्या टेबलाखाली खेळत ती मोठी झाली होती. यंत्र पडलं, आपटलं, तर काटा शून्यावरूनच सरकतो. शून्य जागच्या जागी ठेवून वरचा आकडा तेवढा खाली आणायचा, तर आतला बारीक दांडा कुणीतरी जाणून-बुजून हलवावा लागतो. आणि झाकणाच्या स्क्रूवर एकसुद्धा ओरखडा न उठवता तो हलवणारा हात तिच्या ओळखीत एकच होता... समोर पलंगावर, सुई लावलेला!

का बाबा? का केलंत हे? पण बाबांची नजर तिच्या नजरेला भिडली आणि तिथली ती केविलवाणी विनवणी तिला पाहवेना. उभ्या जन्मात ज्या माणसानं एक काटा खोटा लावला नव्हता, त्याला आता मुलासमोर, परक्यांसमोर मान खाली घालायला लावायची?

“माझ्या हातून पडलं होतं ते,” ती म्हणाली. “सांगायची भीती वाटली.”

“भीती वाटली?” धाकटा ओरडला. “माणूस मरायला टेकला, ताई! यापुढे बाबांना हातही लावायचा नाहीस तू. मी नेतोय त्यांना माझ्याकडे!”

तिनं होकारार्थी मान हलवली.

“गप्प बस, गाढवा!”

बाबांनी नाकावरची नळी बाजूला ओढली होती. “तिनं... काही पाडलं नाही. मी फिरवला काटा. मी!”

“बाबा, बोलू नका ना...”

“बोलू दे. तो जमिनी मोजणारा मोजणीदार... तुला मागणी घालायला आला होता. बदलीच्या गावी चल म्हणाला. तू मला म्हणालीस, विचार करते. मला कळत नाही होय? तेव्हा रोज माझा आकडा बघून तुझा चेहरा उतरायचा. वाटलं, आकडा खाली आला की पोरीचा पाय निघेल घरातून... वर्ष झालं, वाट बघतोय. तू जाईनास!”

धाकटा मटकन स्टुलावर बसला. थोरली बाबांच्या सुजलेल्या पावलांशी कोसळली आणि इतकी वर्षं बांधून ठेवलेलं रडू एकदाचं फुटलं.

“बाबा, मी त्याला त्याच दिवशी नाही म्हटलं होतं हो! तुम्हाला कळलं तर धक्का बसेल, दाब वाढेल... म्हणून विचार करते म्हणाले. नुसतं म्हणाले!”

जे आधीच मोडलं होतं ते जुळावं म्हणून या म्हाताऱ्यानं आपलं काळीज झिजवलं होतं. आणि ज्या काळजाला जपायला तिनं आपलं सुख मोडलं, ते तिच्या डोळ्यांदेखत झिजत राहिलं होतं. केवढा हा मायेचा अविचार!

“डॉक्टर, हे... बरं होतं का?” शेवटी धाकट्यानंच विचारलं.

“पूर्वीसारखं होईल असं नाही सांगत. पण दाब ताब्यात राहिला, तर जाड झालेली भिंत थोडी पातळ होते. गोळ्या मात्र जन्मभर, एकही न चुकवता.”

धाकटा उठला, ताईजवळ खाली बसला आणि लहानपणी करायचा तसं त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. “ताई, मला मार. पण बोल माझ्याशी.” तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

नर्स नव्या गोळ्या घेऊन आली. थोरली सवयीनं उठली, पाण्याचा पेला घेऊन हात पुढे केला. पण बाबांनी गोळी तिच्या हाती जाऊ दिली नाही. त्यांनी ती नर्सकडून स्वतःच घेतली.

“यापुढे माझी मी घेईन,” ते म्हणाले, “आणि तू त्या मोजणीदाराला फोन कर. नाही म्हणाला तर नाही म्हणाला. पण माझ्यापायी गप्प राहू नकोस, पोरी...”

त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यासाठी हात पुढे केला.