सुया कमी करणारी गोळी

छबूने सुई वर धरली तसा खाटेवरचा गडी कळवळला, "सिस्टर, एवढ्यात परत? आत्ताच तर टोचलं की हो!"

"आत्ता नाही, दुपारी. वळा त्या अंगाला."

पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता. तो बांधतानाच ज्योतीरामच्या पायात गंजकी सळई घुसली. मुकादमाने पायात घालायला काही दिलं नव्हतं. द्यायचं कशाला? एक माणूस पडला की उस्मानाबादकडून दुसरा येतोच! आता या पत्र्याच्या दवाखान्यात त्याला विलायतेहून आलेलं पेनिसिलिन टोचत होते.

"जातं कुठं एवढं औषध?"

"लघवीवाटे." छबू चिंचवडच्या शेतकऱ्याची लेक, असलं बोलताना लाजत नसे. "मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात. रक्तातून गाळून आलेलं पाणी, मीठ, साखर... कामाचं तेवढं त्या परत रक्तात ओढून घेतात. पेनिसिलिन मात्र रक्तातून उचलून लघवीत लोटतात."

"परकं म्हणून?" त्याने मान वळवली. डोळे हसरे होते मेल्याचे. "मी बी परकाच की इथं. मला ठेवाल... का लोटाल?"

"आधी पाय वाचू दे. मग बघू."

चार दिवसांनी डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. ती त्या नळ्यांच्या दारातच गर्दी करते, पेनिसिलिनला बाहेर पडू देत नाही. सुया कमी झाल्या. छबूच्या त्या खाटेकडच्या फेऱ्याही कमी झाल्या. तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटू लागलं, आणि तसं वाटतंय याचाच राग आला.

मग ताप चढला. पाय टरारून सुजला. डॉक्टर म्हणाले, "उतार पडला नाही तर पुण्याला नेऊन कापावा लागेल."

छबूने उशी झटकली. खोळीतून गोळ्या सांडल्या.

"ह्या काय हायेत?" गावची बोली तिच्या तोंडाला आली.

ज्योतीराम भिंतीकडे बघत म्हणाला, "गोळी घेतली की तुम्ही सकाळ-संध्याकाळच येता. न्हाई घेतली तर परत सुया वाढवतील... असं वाटलं."

"मुडद्या! पाय गेला तर तुझा मुकादम पोसणार हाय तुला?" तिने पालथ्या हाताने डोळे पुसले, पाण्याचा पेला पुढे केला. "गिळ. आता तोंड उघड. दाखव."

त्याने निमूट दाखवलं.

"सुईपुरतीच येते असं वाटलं व्हय तुला? उद्या दुपारी भाकरी घेऊन येते. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत न्हाई."

ताप उतरला. पाय राहिला. घरी सोडायच्या दिवशी तो गाठोडं घेऊन लंगडत दाराशी आला आणि घुटमळला. "पाय तर वाचला, सिस्टर. मग बघू म्हणाला होता तुम्ही..."

छबूने त्याच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं.

"चल. घरी आई थांबलीय. गाव बोंबलंल..."

"मग?"

"बोंबलू दे."