वृषभावतीच्या पुलावरचा विसावा

या, स्वल्प जवळ सरका. बुवांचं आख्यान संपलंय. आता या चिकपेटच्या कापडवाल्या हणमंतरावाचं ऐका. आख्यान नव्हे, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

म्हैसूर रस्त्यावर वृषभावती नदीचा जुना दगडी पूल होता. मध्यावर एक कट्टा. भाजीवाल्या आपल्या पाट्या त्यावर टेकवायच्या, आणि आपल्यातलं कुणी गेलं की स्मशानाच्या वाटेवर तिरडीही तिथेच उतरायची. तो विसावा. पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, मग उचलायची. बासष्ट साली रुंदीकरणवाल्यांनी कट्टा फोडून सिमेंट ओतलं. आम्ही विनवायला गेलो, तर साहेब हसून म्हणाले, मेलेल्याला कसली दमणूक? असं बोलवतं तरी कसं माणसाला!

पुढच्या वर्षी तुंगाबाई गेल्या. कीर्तनात पुढे बसून वाती वळणारी, कुणाचंही रडतं पोर मांडीवर घेणारी माउली. भर दुपारी पुलावर तिरडी टेकवायला त्यांच्या मुलासकट आम्ही चौघे वाकलो, तोच पोलीस धावून आला. मागे बस खोळंबली होती. टेकवू न देताच त्याने आम्हाला पुढे हाकललं.

दिवसकार्य उरकलं, तरी त्यांचा मुलगा रघुपती उजवा खांदा झुकवूनच चाले. डॉक्टरांना काही सापडेना. सदऱ्याखाली बांबूचा वळ, रोज नवा, ओला. अन्न जाईना. पोरगा हातचा जाणार, हे दिसत होतं.

"अण्णा," तो मला म्हणाला, "आई अजून खाली उतरली नाही."

त्याच दुपारी आम्ही चौघे पुलावर गेलो. पोलीस तोच. मी सरळ बसच्या पुढ्यात उभा राहिलो.

"घाल माझ्या अंगावर," मी म्हणालो. "पण बाई टेकल्याशिवाय हलणार नाही."

रघुपती गुडघ्यांवर बसला. खांदा हळूहळू खाली नेला.

सिमेंटवर बांबू टेकल्याचा आवाज झाला. ड्रायव्हरनेही ऐकला. त्याने इंजिन बंद केलं.

रघुपती ताठ उभा राहिला.

पण विसावा झाला की उचलावंच लागतं. आम्ही जागा बदलल्या, वाकलो. हातांत काही नव्हतं. खांद्यांवर ओझं आलं.

तुंगाबाई मूठभर होत्या. हे उचलेना.

बसमधले लोक उतरले, त्यांनी खांदे दिले. पोलिसानेही दिला. तरी पावलापावलाला थांबत आम्ही स्मशानाकडे निघालो.

कट्टा फोडल्यापासून या पुलावरून किती जणांना असंच हाकललं होतं?

तिकडून जाल तेव्हा तुंगाबाईंची आठवण काढा. बाकीच्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत.